उस्तादांचे कान

मोटरसायकलवाल्या माणसाशी गप्पा मारायला बसा, तो इंजिनाबद्दल बोलेल. चढावर कसं ओढतं, थंडीत पहिल्या किकला कसं उठतं, वगैरे. मी चाळीस वर्षं गाड्या उघडल्या आणि जोडल्या, पण "नामदेवराव, केबली कशा बांधल्या?" असं विचारणारं एक गिऱ्हाईक मला भेटलं नाही. आणि माझा हात होता तो नेमका त्यात. इंजिन बांधणारे माझ्याहून सरस कारागीर अमरावतीत होते, अकोल्यातही होते. केबली आणि वायरी मात्र नामदेवनेच बांधाव्यात, असं माझे उस्ताद म्हणायचे. उस्तादांवर लिहायचं मी फार वर्षं टाळलं. आता सत्तरी ओलांडली, अजून टाळलं तर राहूनच जाईल.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या मोटरसायकलीच्या हँडलवरून तीन-चार केबली निघतात. एक क्लचची, एक पुढच्या ब्रेकची आणि एक रेसची, म्हणजे मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढवणारी. केबल म्हणजे बाहेर एक नळी आणि तिच्या आत सरकणारी तार. शिवाय दिव्याच्या आणि हॉर्नच्या वायरी, त्या काळी त्यांच्यावर सुती कापडाचं वेष्टन असे. हे सगळं सांगाड्याच्या कडेने खाली न्यायचं आणि जागोजाग बांधायचं. नाही बांधलं तर लोंबतं, तापलेल्या नळीला चिकटतं, घासून तुटतं. इथपर्यंत कोणीही शिकतो. खरी मेख गाडीच्या मानेपाशी असते. सांगाडा जागच्या जागी राहतो आणि हँडल फिरतं, म्हणून तिथे केबलीला ढील ठेवावी लागते. ती ढील कमी पडली तर हँडल पूर्ण डावीकडे वळवताच रेसची केबल ताणली जाते. मूठ कोणी पिळलेली नसते, तरी इंजिन भडकतं आणि गाडी उधळते. सरळ रस्त्यावर हा दोष कळत नाही. अगदी अरुंद वळणावरच कळतो, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनिअर साहेब होते. त्यांना मानेपाशी लोंबणाऱ्या केबली बघवत नसत. "हे काय गबाळं काम आहे?" म्हणून त्यांनी स्वतः बसून सगळ्या केबली हँडलला आवळून बांधल्या आणि आम्हाला मुद्दाम दाखवायला आणल्या. आठ दिवसांत क्लचची तार तुटली आणि साहेब गाडी ढकलत आले. अचलपूरच्या एका जमीनदाराच्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायचा. घरच्यांनी गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं होतं. आम्ही पाहिलं तर गाडी सरकीच्या कोठारात उभी राहायची आणि तिथल्या उंदरांनी वायरींचं सुती वेष्टन खाल्लेलं. हँडल वळलं की उघडी तार सांगाड्याला लागायची आणि हॉर्न वाजायचा. जमीनदारांना हे पटलं नाही. भूतच होतं आणि उस्तादांनी ते काढलं, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

उस्तादांचं वर्कशॉप अमरावतीला होतं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकारी काम निघालं की माणसं नागपूरची गाडी धरत. लढाई नुकतीच संपली होती, फौजेच्या जुन्या मोटरसायकली लिलावात निघून गावोगाव आल्या होत्या. उस्ताद उंच, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलायला तिखट. हिंदी आणि वऱ्हाडी अशी मिसळून बोलत की ऐकणाऱ्याला दोन्हींतलं एक तरी कळावं.

मी वलगावच्या बाजूचा, जातीने माळी. आमचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंती. आमच्या घरात हाताला पहिली येते ती हाराची गाठ. दोऱ्याच्या फासात देठ धरायचा आणि बोटाच्या एका फिरकीत आवळायचा. ओढ बसली की ही गाठ आणखी घट्ट होते, सुटत नाही. उस्ताद तोवर चामड्याच्या पट्ट्यांनी केबली बांधत. मी एकदा मेण लावलेल्या दोऱ्याने आमच्या गाठी मारून एका गाडीच्या वायरी बांधल्या. उस्तादांनी वाकून पाहिलं, ओढून पाहिलं.

"कोनती गाठ हाय बे हे?"

"हाराची, उस्ताद. आमच्या घरी फुलं अशीच बांधतेत."

"मंग म्या इतके साल चमडा कावून कापून राहिलो होतो?"

त्या दिवसापासून चामडं बंद झालं. येईल त्या गिऱ्हाइकाला उस्ताद माझ्या गाठी दाखवत. "ये देखो, फूलवाली गाँठ. टूटेगी, खुलेगी नहीं." मला आतून गुदगुल्या होत. तेव्हा मी पंचवीस-सव्वीसचा, लग्न झालेलं, आणि अमरावतीत आपल्यासारखा आपणच असं वाटायचं वय.

उस्तादांची स्वतःची एक परीक्षा होती. गाडी तयार झाली की इंजिन अगदी मंद चालवायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. मग उस्ताद डोळे मिटून हँडल पूर्ण डावीकडे न्यायचे, मग पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आवाज केसभर जरी वाढला तरी त्यांच्या भुवया हलत. मला जिथे काही ऐकू येत नसे तिथेही ते म्हणायचे, "खोल. ढील कम हाय." आणि खोललं की खरोखर कमी निघायची. एक नियम होता. उस्तादांनी कान दिल्यानंतर गाडीवर काही बांधायचं नाही. बांधलं तर पुन्हा ऐकायचं.

आमच्या गिऱ्हाइकांत वासुदेवराव म्हणून ढोरांचे डॉक्टर होते. खेड्यापाड्यांत गाय अडली, म्हैस अडली की माणूस सायकल हाणत यांच्याकडे येई आणि हे मोटरसायकलीवर निघत. शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारून ते उजवा हात जनावराच्या पोटात घालत आणि आडवं आलेलं वासरू नुसत्या बोटांनी चाचपून सरळ करत. वलगावात आमच्या चुलत्याच्या गाईला त्यांनी असंच सोडवलं होतं, मी समोर होतो. गाय उभी राहिली तेव्हा चुलते त्यांच्या पाया पडले, आणि डॉक्टर म्हणाले, "आधी पाणी द्या बुवा हात धुवायला."

त्या वर्षी दसऱ्याआधी त्यांची गाडी आमच्याकडे आली. सगळ्या केबली नव्या घातल्या, वायरी नव्या ओढल्या, गाठी माझ्या. दसऱ्याच्या सकाळी उस्तादांनी कान दिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. डोळे उघडून म्हणाले, "मस्त. दे डाक्टरले." आणि हातपाय धुवायला आत गेले.

दसऱ्याला वर्कशॉपमधल्या हत्यारांची आणि गाड्यांची पूजा मी करायचो. उस्तादांना त्याचं वावडं नव्हतं. प्रसादाचा पेढा ते सगळ्यांच्या आधी उचलायचे. हार माझी बायको गिरजा करून द्यायची, बांधायला दोन्ही बाजूंनी हातभर दोरा सोडून. डॉक्टर आले, त्यांनी मला आपट्याचं पान दिलं आणि गाडीवर बसायला लागले. मी म्हटलं, "थांबा डाक्टरसाहेब, आज रिकामी गाडी नाही नेत." उरलेल्यातला मोठा हार घेतला, दिव्यावरून सोडला आणि दोन्ही टोकं हँडलला बांधली.

"जरा पक्का बांधा हो," डॉक्टर म्हणाले, "रस्ता खडबडीत आहे. दोन कोसांवर गळून पडेल."

मी पक्का बांधला. दिव्याच्या मागून दोन वेढे देऊन, आमचीच गाठ मारून. डॉक्टर हसत गेले. उस्ताद पंच्याने तोंड पुसत बाहेर आले तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळली होती. उस्तादांचा नियम मी मोडला असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. नियम केबली, वायरी, पट्ट्या यांच्यासाठी होता. हार हा गाडीचा भाग नव्हता, ती फुलं होती.

आमच्याकडे पूजेचा हार कापत नाहीत. तो आपोआप सुकतो, फुलं झडतात, उरलेला दोरा केव्हातरी गळून पडतो. डॉक्टरांनीही हात लावला नाही.

दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी वलगावच्या रस्त्यावर डॉक्टरांचा अपघात झाला. एका मळ्यात म्हैस अडली होती, तिकडे निघाले होते. रस्त्यावरून डावीकडे एक अरुंद पूल आहे, त्यावर समोरून बैलगाडी येत होती म्हणून त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि हँडल पूर्ण वळवलं. गाडीवानाने नंतर सांगितलं, "गाडी कशी वरडली अन् उडाली, डाक्टर काही करूच नाही शकले." गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. डॉक्टरांचा उजवा हात कोपरापाशी कठडा आणि हँडल यांच्यात सापडला. जीव वाचला. ती म्हैस वाचली नाही, असं पुढे कळलं.

मोडकी गाडी बैलगाडीत घालून आमच्याकडे आणली. उस्ताद इस्पितळात गेले होते. मी एकटा होतो. पुढचा दिवा चेपलेला, त्यावर एकही फूल नव्हतं. वाकून दिव्याच्या मागे पाहिलं. दोन वेढ्यांचा दोरा तिथे होता. एक वेढा रेसच्या केबलीवरून गेला होता आणि तिची सगळी ढील हँडलला आवळून बसला होता. हँडल थोडं थोडं वळवताना दर वेळी ओढ बसून गाठ आणखी घट्ट झालेली. टूटेगी, खुलेगी नहीं. मी हँडल डावीकडे लोटलं आणि केबलीची नळी जागेवरून उचललेली डोळ्यांनी पाहिली.

मी चाकूने दोरा कापला आणि शर्टाच्या खिशात घातला.

का कापला, असं मी स्वतःला विचारत आलोय. भीती वाटली हे अर्धं कारण. पोलीस येतील, डॉक्टरांच्या घरचे येतील. उरलेलं अर्धं सांगायला लाज वाटते. उस्ताद माझ्या गाठीचं कौतुक करायचे ते बंद होईल, म्हणून कापला.

उस्ताद इस्पितळातून आले. बसलेसुद्धा नाहीत, सरळ गाडीपाशी गेले. "डाक्टर म्हनते, म्या मूठ पिळलीच नाही. गाडी आपोआप भागली. नामदेव, केबल पाय." आम्ही दोघांनी पाहिलं. तार मोकळी सरकत होती. मानेपाशी ढील हवी तेवढी होती. उस्तादांनी हँडल डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, केबल कुठेच ताणली जात नव्हती. त्यांनी प्रत्येक गाठ बोटाने तपासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. तिसऱ्या दिवशी केबल काढून उन्हात धरून इंच-इंच पाहिली.

आमच्या धंद्यात बिघाडाचं कारण सापडलं की माणूस शांत होतो. चूक आपली असली तरी शांत होतो, कारण ती पुन्हा होणार नाही. मी कारणच खिशात घातलं होतं. न सापडलेल्या कारणाच्या जागी उस्तादांनी स्वतःला बसवलं.

"केबल बराबर हाय," चौथ्या दिवशी ते म्हणाले, "त मंग मेरे कान गए. त्या दिवशी आवाज वाढला असंल. मले आयकूच नाही आला."

मी समोर पाना पुसत उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "नाही उस्ताद, असं कसं होईल." एवढंच.

त्यानंतर उस्तादांची परीक्षा लांबत गेली. तीनदा फिरवत होते ते हँडल दहादा फिरवू लागले. गिऱ्हाईक ताटकळायचं. मग मला विचारू लागले, "तुले काय वाटते? वाढला काय?" मग एक दिवस ते बाजूला झाले आणि म्हणाले, "तू आयक. माझा भरवसा नाही आता." ज्यांच्या भुवयांकडे मी पाहत शिकलो, ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. दोनेक वर्षांत मोटरसायकलींचं काम त्यांनी सोडलंच. दारापाशी बसून सायकलींची पंक्चरं काढू लागले, त्याला कान लागत नाहीत.

घरात काय झालं तेही सांगतो. शर्ट धुताना गिरजाच्या हाती तो दोरा लागला. स्वतः वळलेला दोरा ती ओळखणार नाही असं कसं होईल? "हा कुठचा?" तिने विचारलं. "कामाचा," मी म्हटलं. तिने गाठ पाहिली, कापलेलं टोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोरा कोनाड्यात ठेवून दिला. पुढच्या दसऱ्यापासून वर्कशॉपसाठी ती हार द्यायची त्यांना बांधायला टोकं सोडलेली नसायची. शेवटच्या फुलापाशी दोरा संपलेला असे. नुसते वरून घालायचे हार.

मला अमरावतीत राहवेना. अकोल्याला येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं. निघताना उस्तादांनी त्यांच्या जुन्या अकोलेकर गिऱ्हाइकांना निरोप धाडले, "नामदेवच्या कानावर डोळे मिटून भरवसा ठेवा." माझं नाव अकोल्यात त्या निरोपांनी झालं. मी हाराची गाठ पुन्हा कधी गाडीवर मारली नाही. चामड्याच्या पट्ट्या कापायला लागलो.

वासुदेवराव पुढे एकदाच दिसले, अचलपूरच्या गुरांच्या बाजारात. नोकरी गेली होती. उजवा हात कोपरात वाकून राहिलेला, बोटं वळत नव्हती. एका गाभण गाईपाशी दुसराच माणूस हात घालून बसला होता आणि डॉक्टर शेजारी उकिडवे बसून त्याला सांगत होते, "आणखी आत. आता डावीकडे. खूर लागतोय का? खूर की गुडघा?" तो माणूस गोंधळला होता. डॉक्टरांचा डावा हात हवेत नुसता हलत होता. मी दूर व्हायला पाहिलं, पण त्यांनी ओळखलं.

"तुमचे उस्ताद कसे आहेत? त्यांना सांगा हो, त्यांची काही चूक नव्हती. मी खूप विचार केला. माझ्याच हातून मूठ पिळली गेली असणार. घाईत होतो, म्हशीचं डोक्यात होतं."

दोघं निर्दोष माणसं दोन गावांत बसून स्वतःला दोष देत होती. तिसरा त्यांच्यात निरोपांची ने-आण करत होता. मी उस्तादांना डॉक्टरांचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. "भला मानूस हाय. मले वाचवून राहिला."

उस्ताद अकोल्याला माझ्याकडे एकदाच आले, भाच्याच्या लग्नाच्या निमित्ताने. दाढी पांढरी, मेंदी सोडलेली. गॅरेजमध्ये फौजेचीच एक जुनी गाडी तयार उभी होती. ते वाकले, पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"फूलवाली गाँठ कावून सोडली रे?"

हाच तो क्षण, आता बोल, असं मनात म्हणत होतो. तोंडातून निघालं, "हात बसत नाही आता, उस्ताद."

"चालू कर," ते म्हणाले. मी इंजिन मंद ठेवलं. त्यांनी किती वर्षांनी हँडल धरलं, डोळे मिटले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. डोळे उघडून शाळेतल्या पोरासारखे माझ्याकडे पाहत म्हणाले, "वाढला काय?"

"नाही, उस्ताद."

"पक्का?"

"पक्का."

"मलेही तसंच वाटलं," ते म्हणाले, आणि जरा हसले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मी मातीला गेलो होतो. जुने मिस्तरी, जुनी गिऱ्हाइकं जमली होती. परतताना कोणीतरी म्हणालं, "असा कारागीर होनार नाही. एकच डाव कान चुकले बिचाऱ्याचे." बाकीच्यांनी हो म्हटलं. मीही त्यांच्यात चाललो होतो आणि मीही मान हलवली.

तो दोरा अजून माझ्याकडे आहे. गिरजा गेली तेव्हा तिच्या डब्यात सापडला, कुंकवाच्या पुडीशेजारी नीट गुंडाळून ठेवलेला. गाठ अजून सुटलेली नाही. वासुदेवरावांचा पत्ता मला लागला नाही. त्यांच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर त्यांना कळावं, मूठ त्यांनी पिळली नव्हती. उस्तादांच्या कबरीवर मी दोनदा जाऊन तसाच परत आलो. जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितो, ते समोर असते तर ज्या बोलीत बोललो असतो त्याच बोलीत.

उस्ताद, त्या दसऱ्याले आवाज वाढला नव्हता. तुमी आयकलं ते बराबर होतं. हार तुमी आत गेल्यावर म्या बांधला.